आयटीआयचा नवा मसुदा आला. आपली सूचना कशी पाठवाल?

पेपराच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा अभ्यासक्रम बदलणार, किंवा शिकाऊ उमेदवारीचे नियम बदलणार, नागरिकांनी सूचना व हरकती अमुक तारखेपर्यंत पाठवाव्यात. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. हे काम शिक्षणतज्ज्ञांचं, संघटनांचं, फार तर मोठ्या कारखान्यांतल्या एचआरवाल्यांचं, असं आपण धरून चालतो. पण फिटरच्या तुकडीला रोज फाइल मारायला शिकवणारे निदेशक, दोन पोरं हाताखाली घेऊन मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा मालक, मुलाला इलेक्ट्रिशियनला घातलेले आईवडील, यांना जे ठाऊक असतं ते तज्ज्ञांच्या अहवालात सहसा सापडत नाही. ते सरकारच्या टेबलावर पोचवायचं कसं, हे इथे टप्प्याटप्प्याने पाहू. त्यासाठी वकील लागत नाही, आणि इंग्रजीवाचूनही अडत नाही.

आधी कागद ओळखा

पहिलं काम म्हणजे मूळ कागद मिळवणं. बातमीवरून सूचना लिहू नका. बातमीदाराने मसुद्यातला सगळ्यात खमंग मुद्दा उचललेला असतो, आणि आपल्याला नडणारं कलम बरेचदा भलतंच असतं. संबंधित मंत्रालयाच्या किंवा संचालनालयाच्या संकेतस्थळावर मूळ मसुदा असतो; केंद्राच्या बाबतीत ‘मायगव्ह’ या संकेतस्थळावरही पाहावं.

कागद हातात आला की त्याचा प्रकार पाहा. शासन निर्णय, म्हणजे ज्याला आपण जीआर म्हणतो, हा झालेला निर्णय असतो. त्यावर सूचना मागवलेल्या नसतात. तिथे निवेदन द्यावं लागतं, आणि तो वेगळा रस्ता आहे. ज्यावर सूचना चालतात त्या कागदावर ‘मसुदा’ किंवा ‘प्रारूप’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सोबत मुदत असते आणि सूचना पाठवायचा पत्ता असतो. या तिन्हींपैकी एक जरी नसेल तर थांबा आणि आपण योग्य कागद वाचतो आहोत ना, ते तपासा.

मसुद्यांतही जाती आहेत. धोरण म्हणजे सरकारने जाहीर केलेली दिशा. त्यातलं वाक्य मोडलं म्हणून कुणाला दंड होत नाही. विधेयक म्हणजे होऊ घातलेला कायदा. नियम म्हणजे कायद्याच्या पोटात, सरकारने अधिसूचना काढून घातलेले तपशील: विद्यावेतन किती, किती कामगारांमागे किती उमेदवार, करार कसा. आणि अभ्यासक्रम म्हणजे वर्गात व कार्यशाळेत प्रत्यक्ष काय, किती तास शिकवायचं. आपल्या मुलाच्या वर्षावर सगळ्यात जास्त परिणाम शेवटच्या दोन प्रकारांचा होतो. गंमत अशी की टीव्हीवरची चर्चा मात्र सगळी पहिल्या प्रकारावर खर्च होते.

दार कुणाचं ठोठावायचं?

इथे बरीच पत्रं वाया जातात. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे ज्या विषयांवर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात त्या यादीत, २५ व्या क्रमांकाला शिक्षण आहे आणि त्यातच कामगारांचं व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षणही आहे. म्हणून एकाच आयटीआयमध्ये दोन सरकारं नांदतात. फिटरचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र हे दिल्लीतल्या प्रशिक्षण महासंचालनालयाचं काम. ते केंद्रीय कौशल्य विकास व उद्योजकता मंत्रालयाखाली येतं. इमारत, निदेशकांची भरती, कार्यशाळेतला कच्चा माल, वसतिगृह, शासकीय संस्थांची फी हे राज्याचं. आपल्याकडे त्यासाठी व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय आहे.

यात आणखी एक नाव भेटेल: राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद, तोंडी भाषेत एनसीव्हीईटी. ५ डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने ती आली. ही नियामक संस्था आहे, म्हणजे प्रमाणपत्र कुणी द्यावं, परीक्षा कुणी घ्यावी आणि त्याची पातळी काय असावी हे ती ठरवते. शाळेत नववी-दहावीला असणारे व्यवसाय विषय मात्र शालेय शिक्षणाकडे जातात: केंद्रात एनसीईआरटी आणि तिची भोपाळची व्यवसाय शिक्षण संस्था, राज्यात पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद.

तेव्हा ‘लेथ जुने आहेत’ ही तक्रार अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर दिल्लीला पाठवली तर ती बाजूला पडते. तीच गोष्ट अशी मांडली की अभ्यासक्रमात सीएनसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राचे, इतके तास धरले आहेत पण साधनांच्या यादीत वीसजणांच्या तुकडीमागे एकच यंत्र दिलं आहे, तर ती अभ्यासक्रमाची बाब होते. मुद्दा तोच असतो, फक्त योग्य दारावर नेलेला असतो.

शिकाऊ उमेदवारीचं थोडं निराळं आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे, आणि त्याखालचे नियम करताना केंद्राने केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेचा सल्ला घ्यावा असं कायद्यातच आहे. या परिषदेत केंद्र-राज्याचे आणि मालकवर्गाचे प्रतिनिधी असतात. मे २०२५ मध्ये याच परिषदेने किमान विद्यावेतन ३६ टक्क्यांनी वाढवावं, म्हणजे ५,००० ते ९,००० रुपयांचा पट्टा ६,८०० ते १२,३०० वर न्यावा, अशी शिफारस केली. त्यामुळे या विषयात मंत्रालयाला पत्र पाठवाच, पण त्याची प्रत आपल्या राज्याच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या कार्यालयालाही द्या. परिषदेत बोलणारे लोक आपली टाचणं खालच्या कार्यालयांकडूनच मागवतात.

मुदत मोजताना

केंद्र सरकारने २०१४ मध्ये विधिपूर्व सल्लामसलतीचं धोरण आणलं. सोप्या भाषेत सांगायचं तर कायदा मंत्रिमंडळापुढे जाण्याआधी लोकांना विचारण्याची रीत. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, सोबत तो का आणला, खर्च किती, लोकांच्या जगण्यावर परिणाम काय हे सांगावं, सोप्या भाषेत टिपण द्यावं आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करावा, असं त्यात म्हटलं आहे. वाचायला छान आहे. पण हे धोरण आहे, कायदा नाही, आणि ते पाळलं जाईलच असं गृहीत धरून बसू नये.

राज्यात तर मुदत आणखी आखूड असू शकते. मे २०२४ च्या अखेरीस शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा जाहीर झाला, त्यात व्यवसाय शिक्षणही होतं, आणि सूचना पाठवायच्या होत्या ३ जूनपर्यंत. ऐन उन्हाळी सुट्टीत, शाळा बंद, शिक्षक गावी. अशा वेळी सगळा मसुदा वाचून काढायच्या फंदात पडू नका. आपल्याला लागू होणारं एक प्रकरण निवडा आणि तेवढ्यावर लिहा. मुदतवाढ मागणारं दोन ओळींचं पत्रही त्याच दिवशी पाठवून द्या. मुदत वाढते कधीकधी. २०१९ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मसुद्याला ती वाढवून मिळाली होती.

राजपत्रात, म्हणजे सरकारच्या अधिकृत गॅझेटात, आलेल्या नियमांच्या मसुद्याची मुदत मोजण्याची तऱ्हा वेगळी असते. ‘राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून तीस दिवस’ अशा धाटणीचं वाक्य तिथे सापडेल. मसुद्यावर छापलेली तारीख आणि प्रती उपलब्ध झाल्याची तारीख यांत फरक असू शकतो. शंका असेल तर आधीची तारीख धरावी, म्हणजे घोटाळा होत नाही.

ज्या कायद्यात नियमांना पूर्वप्रसिद्धीची अट असते, म्हणजे आधी मसुदा छापा आणि मगच नियम करा असं म्हटलेलं असतं, तिथे १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाचं २३ वं कलम लागतं. मुदतीत आलेल्या सूचना व हरकती विचारात घेणं मग सरकारवर बंधनकारक असतं. विचारात घेणं, मान्य करणं नव्हे. या फरकावरून पुढे फार रुसवे होतात, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

वाचायचं कुठून

पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की तिसऱ्या पानावर डोळा लागतो. प्रस्तावनेत सगळं गोडच असतं: जागतिक दर्जा, युवाशक्ती, भविष्यवेधी कौशल्यं. तिथे हरकत घेण्यासारखं काही नसतं आणि दाद देण्यासारखंही.

आधी व्याख्यांचं कलम वाचा. ‘आस्थापना’ म्हणजे काय धरलं आहे? ‘कामगार’ या शब्दात कंत्राटी माणूस येतो का? शिकाऊ उमेदवारीच्या नियमांत सप्टेंबर २०१९ मध्ये झालेला बदल पाहा. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणं सक्तीचं झालं, ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक, आणि प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, तेही कंत्राटी माणसं धरून. आता आपल्या बाजारपेठेतली दुकानं डोळ्यांसमोर आणा. रिवाइंडिंगवाला, वेल्डिंगचं शेड, दुचाकीचं गॅरेज: मालक आणि दोन कामगार. चारच्या खाली असल्याने या दुकानांना त्या नियमांत जागाच नाही. तालुक्याच्या गावात हातातली कला मुलं नेमकी तिथेच शिकतात. ही गोष्ट मसुद्याच्या सारांशात सापडत नाही. व्याख्या आणि आकड्यांच्या कलमात सापडते.

मग परिशिष्टं वाचा, म्हणजे शेवटी जोडलेले तक्ते. तासांची वाटणी, साधनांची यादी, निदेशकाची पात्रता, तुकडीतल्या जागा सगळं तिथे असतं. निदेशक मंडळींनी तर सुरुवातच परिशिष्टापासून करावी.

शेवटी संक्रमणाची तरतूद शोधा. नवे नियम लागू होताना जे आधीच शिकत आहेत त्यांचं काय, हे सांगणारं कलम. हे नसलं किंवा दीड ओळीत उरकलेलं असलं की पुढे एका तुकडीचा बळी जातो. आयटीआयची परीक्षा २०१३ पासून सत्र पद्धतीने होऊ लागली आणि २०१८ च्या प्रवेशापासून पुन्हा वार्षिक झाली. जुन्या सत्रातले विषय राहिलेल्या मुलांची परीक्षा कधी, कोणत्या अभ्यासक्रमावर, कुठल्या केंद्रावर, असे प्रश्न अशा प्रत्येक बदलात उभे राहतात. पुढे २०२२ पासून वर्षाचे १,६०० तास कमी होऊन १,२०० झाले. मसुद्यात संक्रमणाचं कलम दिसलं नाही, तर तेवढी एकच सूचना पाठवली तरी आपलं काम झालं असं समजा.

आता लिहायला बसू

सूचना म्हणजे मत नव्हे. ‘शिक्षण उद्योगाभिमुख असावं’, ‘ग्रामीण मुलांवर अन्याय होऊ नये’ ही मतं आहेत. सगळ्यांना मान्य आहेत, म्हणूनच त्यांचं काय करायचं हे मसुदा हाताळणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला कळत नाही. त्याच्यासमोर एक तक्ता असतो: कलम क्रमांक, मूळ मजकूर, आलेली सूचना, कारण, विभागाचा अभिप्राय. आपलं वाक्य ज्या रकान्यात बसत नाही ते गळून पडतं. म्हणून लिहितानाच त्याच्या रकान्यांच्या क्रमाने लिहावं.

एक खरं उदाहरण घेऊ. आयटीआयच्या अभ्यासक्रमात दर वर्षी १५० तासांचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, ज्याला ऑन जॉब ट्रेनिंग म्हणतात. आठ तासांचा दिवस धरला तर हे साधारण एकोणीस दिवस होतात. जवळपास उद्योग नसेल तर त्याऐवजी गट प्रकल्प करायचा. कागदावर सोय चोख आहे. पण ‘जवळपास’ म्हणजे किती किलोमीटर? आणि ‘उद्योग’ कशाला म्हणायचं? हे सैल सोडलं की वर्षअखेरीस सगळी तुकडीच गट प्रकल्पात जाऊ शकते, कारण तो संस्थेच्या आवारात उरकता येतो.

आता साखर कारखान्याचा तालुका घ्या. हंगाम चालू असताना गाळप थांबवता येत नाही, चालत्या मिलजवळ शिकाऊ पोराला कुणी हात लावू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. गाळप संपलं की कारखान्याची दुरुस्ती निघते. पंप उघडतात, गिअरबॉक्स खाली उतरतात, बेअरिंग बदलतात, शाफ्टची सरळ रेषा पुन्हा लावतात. फिटरच्या मुलाला वर्षभराच्या फळ्यावर जे दिसत नाही ते या दुरुस्तीच्या काळात दिसतं. पण कामावरच्या प्रशिक्षणाचे आठवडे वरून नेमून आले आणि ते डिसेंबरात पडले, तर मुलं गेटवर सही करून परत येतील. ही बाब कारखान्यातला फोरमन जाणतो आणि तिथल्या आयटीआयचे निदेशक जाणतात. अशा मसुद्यावर सूचना लिहायची झाली तर ती अशी दिसेल:

“विषय: जोडारी (फिटर) व्यवसायाच्या प्रस्तावित अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर सूचना. परिच्छेद: प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण. मूळ तरतूद: दर वर्षी १५० तास, जवळ उद्योग नसल्यास गट प्रकल्प. अडचण: कालावधी ठरवण्याचा अधिकार संस्थेला नाही, हंगामी उद्योगांत ठरावीक महिन्यांतच यंत्रं उघडली जातात. सुचवलेला मजकूर: ‘या प्रशिक्षणाचा कालावधी संस्थेचे प्राचार्य स्थानिक उद्योगाचा हंगाम पाहून वर्षभरात केव्हाही, एकसलग किंवा दोन भागांत, ठरवू शकतील. दुरुस्ती-देखभालीची नोंदणीकृत दुकानं व सहकारी प्रक्रिया संस्था यांचा उद्योगात समावेश असेल.’ कारण: आमच्या तालुक्यात साखर कारखान्याची देखभाल एप्रिल-मे महिन्यांत होते व तेव्हा फिटरच्या कामाचे सर्व प्रकार एका ठिकाणी शिकता येतात.”

एवढंच. अर्धं पान. ‘सुचवलेला मजकूर’ हा भाग टाळू नका, तिथेच बहुतेकांचा हात अडतो. कायद्याची भाषा येत नाही म्हणून लोक तो सोडून देतात. कायद्याची भाषा नकोच. साधं, एका अर्थाचं वाक्य द्या. विधी व न्याय विभाग ते आपल्या पद्धतीने बसवून घेतो. तयार वाक्य समोर असलं की अधिकाऱ्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. नुसती अडचण सांगितली तर ‘नोंद घेतली’ म्हणून सुटका होते.

पुरावा म्हणून मोठा अहवाल लागत नाही. आपल्या संस्थेत गेल्या वर्षी किती मुलं कामावर गेली आणि किती गट प्रकल्पात राहिली, एवढी हजेरीपटावरची आकडेवारी पुष्कळ झाली. मुलांची नावं, आधार क्रमांक, जातीचे दाखले जोडू नका. त्यांची गरज नसते आणि ती माहिती बाहेर जाऊ नये. काही चांगलं चाललेलं दाखवता येत असेल तर जरूर दाखवा. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून कामातून शिकण्याचा जो प्रयोग उभा केला, तो पुढे शाळांपर्यंत गेला. ‘हे शक्य नाही’ या उत्तराला अशी उदाहरणं आधीच अडवून ठेवतात.

एका पत्रात एकच कलम घ्या, निदान एका परिच्छेदात एकच. भरतीपासून गणवेशापर्यंत सगळं एका पत्रात कोंबणं म्हणजे प्रवासाच्या पिशवीत तळाला चावी टाकण्यासारखं आहे. असते, पण हाताला लागत नाही.

भाषा आणि फॉन्ट

मसुदा इंग्रजीत किंवा हिंदीत असतो म्हणून अनेकजण मागे हटतात. घटनेचा अनुच्छेद ३५० सांगतो की गाऱ्हाणं दूर करून घेण्यासाठी कुणालाही केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, केंद्रात अथवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. तेव्हा मराठीत खुशाल लिहा. व्यवहाराचं बोलायचं तर दिल्लीला जाणाऱ्या पत्राच्या वर चार ओळींचा इंग्रजी किंवा हिंदी गोषवारा आणि कलम क्रमांक द्यावा, म्हणजे पत्र योग्य माणसाकडे लवकर जातं. भाषांतर यंत्राकडून करून घेतलं तर तांत्रिक शब्द एकदा डोळ्यांखालून घालाच.

फॉन्टचा घोळ मात्र रोजचा आहे. छपाईच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं मराठी दुसऱ्याच्या संगणकावर नुसती चिन्हं होऊन उघडतं. आपण पाठवतो पत्र, तिकडे पोचते रांगोळी. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ करूनच जोडा. ऑनलाइन अर्ज असेल तर प्रत्येक चौकटीला अक्षरांची मर्यादा असते. मजकूर आधी वेगळा लिहून, मोजून, मग चिकटवावा. तिथेच बसून लिहिलं आणि पान मुदत संपून बंद पडलं की सगळं गेलं.

शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. पाठवल्यावर पोच जपून ठेवा: ईमेलची प्रत, अर्जाचा नोंदणी क्रमांक दाखवणाऱ्या पानाचं छायाचित्र, किंवा टपालाची पावती. हाताने देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर तक्रार टाकून लोक निर्धास्त होतात, पण ते तक्रार निवारणाचं दार आहे, मसुद्यात दिलेल्या पत्त्याची जागा ते घेत नाही.

एकट्याने की मिळून?

हे मतदान नाही. एकच मजकूर हजार जणांनी पाठवला तरी तक्त्यात तो एक मुद्दा म्हणून बसतो, फार तर शेजारी संख्या लिहिली जाते. दहा गावांतून दहा वेगळ्या अनुभवांची पत्रं गेली तर दहा ओळी होतात. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तयार नमुना वापरायचाच असेल तर त्यात आपल्या संस्थेची एक गोष्ट घालून पाठवा.

संस्थेच्या नावाने गेलेल्या पत्राला वजन असतं हेही खरं. आयटीआयची संस्था व्यवस्थापन समिती, एमआयडीसीतली लघुउद्योजकांची संघटना, ग्रामसभा यांचा ठराव सोबत जोडता येतो. शासकीय सेवेतल्या निदेशकांनी थोडं जपून जावं. वर्तणूक नियमांमुळे सरकारी धोरणावर जाहीर टीका करण्याला मर्यादा आहेत. प्राचार्यांमार्फत किंवा आपल्या संघटनेमार्फत, निव्वळ तांत्रिक मुद्द्यांवर लिहिलं की अडचण येत नाही. तासांची वाटणी, साधनं, परीक्षेचा नमुना यांवर निदेशकांइतकं नेमकं कुणालाच लिहिता येणार नाही, म्हणून हा आग्रह.

पाठवल्यानंतर

बराच काळ काही घडत नाही. आत सूचनांचं संकलन होतं, विभाग अभिप्राय लिहितो, वित्त व विधी विभागांकडे फाइल फिरते. काही वेळा बदल झटपट होतो: ३१ मे २०१९ रोजी सादर झालेल्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यातला हिंदीविषयीचा मजकूर विरोधानंतर चारच दिवसांत बदलला गेला. पण तो मुद्दा देशभर पेटलेला होता. फिटरच्या तासांसाठी कुणी रस्त्यावर येत नाही, तिथे कागदच बोलावा लागतो.

विधेयक असेल तर दुसरी संधी मिळू शकते. संसदेत मांडल्यावर ते स्थायी समितीकडे गेलं तर समिती वर्तमानपत्रांतून निवेदनं मागवते. आपल्या विषयासाठी ही कामगार, वस्त्रोद्योग व कौशल्य विकासाची समिती आहे. तिथे मुदत थोडी असते, निवेदन सहसा इंग्रजी किंवा हिंदीत मागतात, आणि दिलेलं निवेदन समितीचा गोपनीय कागद होतो. ते लगेच फेसबुकवर टाकू नये.

अंतिम नियम किंवा अभ्यासक्रम जाहीर झाला की तो मसुद्याशेजारी ठेवून आपलं कलम तपासा. आपण सुचवलेलं वाक्य जसंच्या तसं क्वचितच दिसतं. एखादा ‘किंवा’ वाढलेला असतो, ‘ठरावीक महिन्यात’ जाऊन ‘वर्षभरात’ आलेलं असतं. तेवढ्यानेही वर्गातली गोष्ट बदलते.

काहीच बदललं नसेल, आणि सूचनांचा गोषवाराही कुठे दिसत नसेल, तर माहितीचा अधिकार वापरा. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ४ मध्येच आहे की महत्त्वाची धोरणं आखताना सरकारने संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी आणि निर्णयांची कारणं बाधित लोकांना सांगावीत. अर्ज अंतिम निर्णय झाल्यावर करावा. त्याआधी मंत्रिमंडळाचे कागद देण्याला कायद्यातच अपवाद आहे. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. केंद्रासाठी ऑनलाइन अर्जाची सोय आहे.

‘माझी सूचना का नाकारली?’ असं विचारू नका. माहिती अधिकारी अभिलेखात असलेले कागद देतो, खुलासे लिहून देत नाही. ‘अमुक मसुद्यावर प्राप्त सूचनांचा संकलित तक्ता व त्यावरील विभागाचे अभिप्राय यांची प्रत मिळावी’ असं मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. तक्ता आला की त्यात आपली ओळ शोधा. ती असेल आणि पुढे ‘अमान्य, आर्थिक भार’ असं लिहिलेलं असेल, तर पुढच्या मसुद्याच्या वेळी खर्चाचा हिशोब सोबत जोडायचा हे कळलं. उत्तर अर्धवट आलं किंवा तक्त्यात आपली ओळच नसली, तर उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयाच्या पहिल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावं आणि सूचना पाठवल्याच्या पोचेची प्रत त्याला जोडावी.